वहीच्या उलट्या बाजूने

हर्णै बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात
एकवीस वर्षं मी हिशेब लिहितो.
कुणी किती लाद्या नेल्या,
कुणाचे पैसे नारळी पौर्णिमेपर्यंत थांबलेत,
कुणाचे बोटीबरोबरच बुडाले.

डेरवणहून घरी सोडताना
एका पोरसवदा नर्सने गोळ्यांच्या पाकिटावर लिहून दिलं:
सकाळी एक, रात्री अर्धी,
आणि रोज झोपताना आभाराच्या तीन गोष्टी.
मी विचारलं, जेवणाआधी की जेवणानंतर?
ती हसली नाही.

आमच्याकडे आभार म्हणजे
सभेच्या शेवटी कुणीतरी मानायचे,
लोक चपला शोधत असताना.
घरात कोण कुणाला म्हणतं?
शेजारून कालवण आलं तर वाडगा घासून ठेवायचा
आणि रिकामा परत धाडायचा नाही,
चार आमसुलं तरी टाकायची.
त्यात बोलायचं काय.

तरी वही होती, हाताला सवय होती.
उधारीची वही उलटी केली, मागून सुरुवात.
तारीख. नाव. तपशील. रक्कम.

सात तारीख. जुबेदा सारंग.
जेटीवर दम लागला तेव्हा
पाटीतली मासळी फडक्यावर ओतून
पाटी पालथी घातली, म्हणाली, बस.
रक्कम: कोरी.

आठ. दिवसभर वीज गेली नाही.
नाव कुणाचं घालायचं?
वायरमन पांगारकरचं घातलं.

नऊ. काही नाही. पाय सुजलेत.
दहा. काही नाही.
नर्सच्या नावाने एक शिवी, मग खोडलेली.
अकरा. खोडलेली शिवी वाचून हसू आलं. तेच लिहिलं.

तीन कधी जमल्या नाहीत.
एक जमायची, कधी दीड.
पण पुढे पुढे कळलं,
हे रात्री आठवून लिहायचं काम नव्हे.
लादी वितळायच्या आत मोजावी लागते,
संध्याकाळी मोजली तर आकड्यावरून भांडणं होतात.
म्हणून शर्टाच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा ठेवला,
आणि दिवसा, पावत्या फाडता फाडता,
पाठमोऱ्या पावतीवर एखादं नाव.

एक नोंद मात्र मी टाळत होतो.

मुरलीधर. सख्खा भाऊ.
दीड हाताच्या गडग्यावरून
आणि त्यात उगवलेल्या एका रामफळावरून
अकरा वर्षं शब्द नाही.
त्या पहाटे बायकोने गडग्यापलीकडे हाक मारली,
मला न विचारता. विचारण्यासारखा मी नव्हतोही.
त्याच्या मासळीच्या टेम्पोत, ओल्या ताडपत्रीवर आडवा,
डोक्याखाली त्याचा स्वेटर.
आसूदची चढण लागली तेव्हा
पुढून एकदाच आवाज आला, झोपू नको.
जन्मात पहिल्यांदा मी त्याचं ऐकलं.

डिझेलचे दोन हजार पाकिटात घालून
मुलाच्या हाती धाडले. हिशेब म्हणजे हिशेब.
पाकीट संध्याकाळी परत आलं
एका कापडी पिशवीत.
नोटा तेवढ्याच,
आणि वर दोन रामफळं, अर्धवट पिकलेली.

त्या रात्री वही पुढ्यात घेतली.
तारीख लिहिली. नाव लिहिलं, पूर्ण, बापाच्या नावासकट,
आणि बापाचं नाव लिहिताना
तेच माझ्याही नावात येतं, हे बऱ्याच वर्षांनी दिसलं.
तपशिलापाशी पेन थांबलं.
टेम्पो लिहू? स्वेटर?
‘झोपू नको’ लिहिलं, आणि झोपलो.

मालकाचा मुलगा आता सगळं कॉम्प्युटरवर चढवतोय.
काल वही उलटीसुलटी करत म्हणाला,
काका, ही मागची उधारी कधीची? वसूल होणारे का?
म्हटलं, ती येणी नाहीत रे, देणी आहेत.
मग मिटवून टाका ना, म्हणाला.
मी नुसता चष्मा पुसला.

रामफळं तांदळात ठेवलीत.
एक आज मऊ लागतंय.
पिशवी धुऊन दोरीवर वाळत घातली आहे,
गडग्यापलीकडून दिसेल अशी.
तिच्यात काय घालून धाडायचं,
दोन दिवस झाले, ठरत नाही.